भिंतीच्या आतली जागा

माझे थोरले मामा सुतार होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. "प्रभूचाच धंदा," असं म्हणून ते रंधा उचलत, तेव्हा तो त्यांच्याकडे थेट वारसाहक्काने आला असावा असं वाटे. दारं, खिडक्या, शवपेट्या, जे सांगाल ते बनवत. पण त्यांचा खरा जीव होता तो दुसऱ्याच कामात. ते आमच्या चर्चचे पंच होते, आणि मरणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे होतं.

नियम जुना होता. चर्चशी संबंध तोडलेला माणूस मरायला टेकला, की पंचाने जाऊन विचारायचं: देवाला मानतोस का? पापांचा पश्चात्ताप होतो का? सगळ्यांना क्षमा केलीस का? उत्तरं पटली तर दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा. नाही पटली तर बाहेर, काटेरी झुडपांत. हा नियम सगळे विसरूनही गेले होते. आमच्या तरुण पाळकसाहेबांना तर तो ठाऊकही नव्हता. मामांनीच तो शोधून काढला, झटकला आणि पुन्हा चालू केला.

तेव्हापासून मामा काळा कोट घालून गल्लीत शिरले की आजाऱ्यांची पाचावर धारण बसे. एक निवृत्त शिक्षिका अगदी शेवटच्या घटका मोजत होत्या. दारात मामांना पाहिलं आणि त्या उठून बसल्या, "मी बरी आहे, बरी आहे," म्हणत केर काढू लागल्या. पुढे कितीतरी वर्षं जगल्या. मामा याला प्रार्थनेचं फळ म्हणत.

नरकाबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. देव अनंत, म्हणून त्याचा अपमान अनंत, म्हणून शिक्षाही अनंत. चौकटीत दार बसवावं तसं ते हे खटकन बसवून टाकत. "अहो, निदान जेवताना तरी नरक नको," असं मामी म्हणायची आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढायची. त्यांचं तोंड बंद करायचा तेवढाच एक उपाय तिला सापडला होता.

धाकटे मामा न्हावी होते. दोघा भावांची दुकानं समोरासमोर, रस्ता मध्ये. आमचा पोस्टमन धाकट्या मामांचा जिवलग दोस्त होता. दारूपायी त्याचं चर्च सुटलं आणि दारूपायीच तो गेला. थोरल्या मामांनी त्याला पश्चात्तापाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आज जरा बरं वाटत नाही, उद्या सांगतो." उद्या त्याच्या नशिबात नव्हता. मामांनी त्याला भिंतीबाहेर घातलं. त्याची बायको त्या झुडपांतून काटे बाजूला करत रडत होती, ते मी पाहिलंय.

पुढच्या रविवारी भर उपासनेत धाकटे मामा उठून उभे राहिले. "दादा, एक विचारू? आयुष्यभर प्यायला तो. मग एक आयुष्यभर जाळा. हवं तर दोन आयुष्यं जाळा. पण त्यानंतर काय? कधीतरी पुरे म्हणायचं की नाही?"

थोरल्या मामांनी सरळ पुढचं गीत सुरू केलं, तेही दोन पट्ट्या वरून. धाकटे मामा बाहेर पडले ते पुन्हा चर्चला आले नाहीत. भावाभावांचं बोलणं तुटलं. समोर सख्ख्या भावाचं दुकान असताना थोरले मामा मामीकडून केस कापून घेऊ लागले. मामीचा हात शिवणकामात तरबेज, पण डोकं म्हणजे काही झबलं नव्हे. मामांचं डोकं कायम उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसे. समोरून धाकटे मामा ते बघत आणि मूग गिळून बसत.

मग धाकट्या मामांच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी हात टेकले. चर्चपासून तुटलेला माणूस मरायला टेकला होता. नियमाप्रमाणे पंचाने जायला हवं होतं.

थोरले मामा काळा कोट घालून आले. मी उशाशी पेज भरवत बसले होते. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"देवाला मानतोस का?"

"मानतो की. त्याच्याशीच तर भांडत होतो."

"सगळ्यांना क्षमा केलीस?" त्यांनी मधला प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता, हे माझ्या लक्षात आलं.

"केली. तुलासुद्धा. तुझ्या केसांना मात्र नाही."

मामा हसले नाहीत. "पापांचा पश्चात्ताप होतो का?"

"होतो. खूप गोष्टींचा होतो. पण चर्चमध्ये जे विचारलं, त्याचा नाही होत."

"त्याचाही होतो म्हण."

"तोंडदेखलं चालेल?"

"नाही चालणार," मामा म्हणाले, आणि मग पडलेल्या आवाजात, "गाढवा, म्हण ना."

धाकटे मामा बराच वेळ खोकले. "दादा, मी तिथे ओरडत असताना तू वर बसून गाणी म्हणशील?"

मामांनी कोटाचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "तुझा आवाज आला तर माझा सूर लागायचा नाही," ते म्हणाले. मग ते भावाचा हात धरून खाली बसले आणि मला पेज गरम करून आणायला पाठवलं. मला तेव्हा रडू आलं.

धाकटे मामा त्याच आठवड्यात गेले. 'होतो' म्हणाले नाहीत ते नाहीतच.

पाळकसाहेब दुकानात आले, तेव्हा थोरले मामा भावाच्या शवपेटीच्या फळ्यांना रंधा मारत होते. मी आणि मामी पेटीला आतून लावायचं कापड टाचत होतो. पाळकसाहेब भला माणूस. म्हणाले, "मामा, हा नियम आता सोडूनच देऊ या. कुणाची काही तक्रार नाही."

"नियम सोडायचा नाही," मामा ताडकन म्हणाले. "पोस्टमनच्या बायकोला काय सांगू?"

"मग... त्यांनी पश्चात्ताप केला होता?"

रंधा थांबला. "केला. माझ्यासमोर केला. स्वच्छ शब्दांत."

पाळकसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि आतली जागा नक्की करायला गेले. मला मामांचा असा संताप आला! नियमही शाबूत, भाऊही आत, आणि पोस्टमन झुडपांत तो झुडपांतच. ते मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

मामीने तोंडातली टाचणी काढली. "अहो, धडधडीत खोटं बोललात."

"हो."

"तेही पाळकांपुढे. मेलेल्या माणसाच्या नावाने. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे याला शिक्षा..."

"माहीत आहे मला काय ती."

"मग पश्चात्ताप करा ना. अजून वेळ आहे."

मामांनी फळीवरून हात फिरवला, भुसा फुंकला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सकाळपासून करून बघतोय," ते म्हणाले. "होतच नाहीये गं."