बिनरंगाचा टॉवर, बिनहंसाचा केक

इसिडोरने आजवर जेवढे हंस केले, तेवढे एखाद्या तळ्यावर उतरले असते तर सरकारने तिथे अभयारण्य जाहीर केलं असतं. साखरेचे हंस. अंधेरीच्या आमच्या गावठाणात लग्नाचा केक म्हणजे इसिडोरचा केक, आणि इसिडोरचा केक म्हणजे पाच थर, थरांमध्ये खांब, खांबांच्या मधोमध कारंजं, कारंज्याखाली रंगीत दिवा, दोन्ही बाजूंनी जिने, जिन्यांवर बोटभर उंचीच्या करवल्या, शिखरावर नवरा-नवरी, आणि जिथे बोट टेकवायला जागा उरेल तिथे हंस. एका लग्नात त्याने केकला इतके दिवे लावले, की केक झगमगला आणि हॉलमधले पंखे बंद पडले. लोकांनी घाम पुसत टाळ्या वाजवल्या.

त्याची बायको सेलिना गुलाब करायची. तिच्या साखरेच्या गुलाबावर मी स्वतः मधमाशी बसलेली पाहिली आहे. माशी थोडा वेळ बसली आणि फसवणूक लक्षात आल्यावर रागाने निघून गेली.

मी रस्त्यापलीकडच्या सोसायटीत राहतो. शाळेपासून इसिडोरच्या केकच्या कापलेल्या कडा खाऊन मी हा देह कमावला आहे. तेव्हा त्याच्या आयुष्यात घडलेल्या क्रांतीबद्दल बोलायचा अधिकार मला नाही, तर कोणाला?

क्रांती आली ती टॉवरच्या रूपाने. गावठाणाला खेटून एक उंच, म्हणजे मान मागे टाकून टोपी पडेल इतका उंच, टॉवर उभा राहिला. काँक्रीटचा. राखाडी. ना प्लॅस्टर, ना रंग, ना वर घुमट, ना खाली सिंह. गावठाण रंगाची वाट बघू लागलं. पैजा लागल्या. मी पीच रंगावर एक बिर्याणी लावली. आमच्याकडच्या यच्चयावत टॉवरना शेवटी पीच रंगच लागतो, असा माझा अभ्यास होता. वर्ष गेलं, लोक राहायला आले, खिडक्यांत पडदे लागले, तरी रंगाचा पत्ता नाही.

"बिल्डरकडचा माल संपला," मी म्हटलं.

इसिडोर स्वयंपाकघराच्या खिडकीशी केकचं पीठ घोटत उभा होता. त्या खिडकीतून टॉवरशिवाय दुसरं काही दिसतच नाही. घोटता घोटता त्याचा हात थांबला. "राजाराम," तो म्हणाला, "अरे, हा झालाय."

"काय झालाय?"

"टॉवर. पूर्ण झालाय. आपण येड्यासारखे वाट बघतोय. त्याला असाच ठेवायचाय."

मी खिडकीतून पाहिलं. मला तरी आंघोळीआधीचा टॉवर दिसला. पण इसिडोरने मला खांद्याला धरून उभं केलं. "खिडक्या बघ. भिंतीच्या किती आत बसवल्यात! म्हणून प्रत्येक खिडकीला स्वतःची सावली आहे. सकाळी सावली डावीकडे, दुपारी वर, संध्याकाळी उजवीकडे. दिवसभर डिझाईन बदलतं, आणि खर्च शून्य! सूर्य फुकट काम करतोय यार! आता भिंत बघ. ओतताना ज्या फळ्या लावल्या, त्यांच्या रेषा तशाच ठेवल्यात. लाकडाचे डोळेसुद्धा उमटलेत. लपवलेलं काही नाही. जे आहे ते आहे. झकास!"

आणि खरं सांगतो, त्याने दाखवल्यावर मलाही दिसलं. उन्हं कलली होती आणि त्या हजारो चौकोनांतून सावलीची एक तिरकी घडी तळापासून टोकापर्यंत सरकत होती, एखादं साधं सुती लुगडं झटकून वाळत घालावं तशी. मी बिर्याणी हरलो हे तिथेच कबूल केलं.

तेव्हापासून इसिडोर त्या टॉवरच्या प्रेमात पडला. पन्नाशी उलटल्यावर माणूस प्रेमात पडला की दाढी रंगवतो, इसिडोरने घर उजाड करायला घेतलं. शोकेस गेली, तिच्यातल्या बाहुल्या गेल्या, पडद्यांची झालर गेली. एकदा टॉवरमध्ये केक पोहोचवायची संधी मिळाली तेव्हा तो रविवारचे कपडे घालून गेला. परत आला तो तरंगत. "लॉबीत काय आहे माहितीये? एक बाक. बस! एवढी मोठी जागा, आणि एक बाक!"

"आणि वर? ज्यांच्याकडे केक होता?"

त्याचा चेहरा पडला. "वर काय सांगू. सोनेरी खांब, छतातून लोंबणारी झुंबरं, आत कारंजं. अरे, माझ्या केकमध्ये शिरल्यासारखं वाटलं मला."

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. मग ब्रिजेटचं लग्न ठरलं. ब्रिजेट म्हणजे इसिडोरच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला आणि ती इसिडोर-सेलिनाच्या मांडीवर मोठी झाली. नवरामुलगा वॉरेन, बोरिवलीकडच्या गोराईचा. अख्खं गोराई लग्नाला येणार, आणि येणार ते आधी केक बघायला. पोरीला वाढवणाऱ्याच्या हातचा केक म्हणजे त्याच्या घराची इज्जत. इसिडोरने जाहीर केलं, "हा केक टॉवर होणार. चौकोनी, सरळ, राखाडी. एकही हंस नाही."

सेलिनाने हातातला झारा खाली ठेवला. "आणि गुलाब?"

"गुलाबही नाही."

"म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नात मी काय करू? टाळ्या वाजवू?"

इसिडोर गडबडला. मोठा कलावंत असला तरी शेवटी नवराच. पण सावरला. "सेलिना, गुलाब चुकला तर पाकळी म्हणून खपतो. धारदार कोपरा चुकला तर लपवायला जागा नाही. मला कोपरा जमत नाही. तुझ्या हाताशिवाय हा टॉवर उभाच राहणार नाही." सेलिनाने पंधरा मिनिटं भांडी आपटली आणि मग फूटपट्टी मागितली.

अजून एक हट्ट होता. आपल्याकडचे लग्नाचे उंच केक म्हणजे एक थर केक आणि बाकी थर्माकोलवर चोपडलेली साखर. कारागीर त्याला डमी म्हणतात. पाहुण्यांना वाटायचा केक मागे ट्रेमध्ये वेगळा असतो. इसिडोर म्हणाला, "डमी नाही. तळापासून वरपर्यंत खरा केक. टॉवर काय आतून थर्माकोलचा आहे?" रममध्ये मुरलेला सुक्या मेव्याचा घट्ट केक त्याने थरावर थर रचला. सळयांच्या जागी बांबूच्या काड्या घातल्या. ब्रिजेट येता-जाता त्याला "बिल्डर अंकल" म्हणू लागली. भिंतींवर फळ्यांच्या रेषा हव्यात म्हणून आंब्याच्या पेटीची फळी घासूनपुसून वाळवली आणि राखाडी साखरेवर हलकेच दाबली. लाकडाचे डोळेसुद्धा उमटले! सेलिनाने असे कोपरे काढले की बोट लागलं असतं तर कापलं असतं. शेवटच्या दिवशी इसिडोर एका खिडकीचा खळगा जरा खोल करायला गेला तर तीच ओरडली, "हात लावू नकोस! साधेपणा बिघडेल!" बाटली कोणी उघडली आणि नशा कोणाला चढली!

लग्नाच्या दुपारी आम्ही चौघांनी तो केक पालखीसारखा उचलून मैदानातल्या मांडवात नेला. कमरेएवढा उंच, माणसाएवढा जड. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर ठेवला आणि मी दोन पावलं मागे गेलो. काय सांगू! आजूबाजूला झिरमिळ्या, फुगे, बँडवाल्यांचे लाल कोट, आणि मधे तो गप्प उभा. सगळ्या आरड्याओरड्यात एकच शहाणा माणूस असावा तसा. इसिडोरने त्याच्याकडे पाहिलं, कोट सारखा केला आणि ब्रिजेटला वेदीपर्यंत न्यायला चर्चमध्ये गेला. आम्हीही गेलो.

मांडवात राहिल्या त्या गोराईच्या बायका. त्यांची म्होरकी वॉरेनची मावशी, मार्सेलिना आंटी. मोठ्या मनाची बाई. कोणाच्या घरी मीठ कमी असेल तर न विचारता स्वतः टाकून येणारी. तिने तो उघडा केक पाहिला आणि तिचं काळीज कळवळलं. बिचाऱ्याला वेळ मिळाला नाही! पोरीच्या लग्नाची धावपळ, एकटा माणूस, सजावट राहूनच गेली! ही नामुष्की सगळ्या पाहुण्यांसमोर होऊ द्यायची? आपण आता एका घरचे ना? गोराईहून वऱ्हाडाची दुसरी बस निघायची होती, तिने तिकडे फोन लावला. घराघरांतून शोकेसची कुलपं उघडली आणि सगळा ऐवज त्या बसने आला.

आम्ही बँडच्या मागे नाचत मांडवात आलो तेव्हा टॉवर नव्हता. त्याच्या जागी गावठाणाच्या क्रुसाची जत्रा उभी होती. शिखरावर मार्सेलिना आंटीच्या स्वतःच्या लग्नातले दोन हंस. खाली चांदीच्या घंटा. खिडक्यांच्या खळग्यांत प्लास्टिकची लिली. कमरेला गुलाबी साटीनची फीत. एका कोपऱ्याला टेकून एक देवदूत, पंख जरा तुटलेला. आणि भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ, जी गाणंही म्हणत होती.

बँड थांबला. माळ मात्र गात राहिली.

"इसिडोरभाऊ, काळजी करू नका," मार्सेलिना आंटी पुढे आली, डोळ्यांत पाणी. "तुमची इज्जत ती आमची इज्जत. आम्ही पूर्ण करून टाकला."

मी इसिडोरकडे पाहायचं टाळलं. दोनशे पाहुणे पाहत होते. काही बोलावं तर सोयरीक पहिल्याच दिवशी तुटणार. गप्प बसावं तर आयुष्यात पहिल्यांदा मनापासून केलेला केक हंसाखाली बुडणार. इसिडोर पुढे झाला. मग त्याने माळेचा प्लग काढला. त्याने शिखरावरचे हंस दोन्ही हातांनी, बाप्तिस्म्याचं बाळ उचलावं तसे उचलले.

"आंटी, हे तुमच्या लग्नातले?"

"सत्त्याऐंशी सालचे."

"मग एवढ्या उंचावर का ठेवलेत? लोकांना दिसणार कसे? एवढी मौल्यवान वस्तू!" आणि त्याने ते हंस केकच्या पायाशी, पांढऱ्या चादरीवर, अगदी पुढे ठेवले. "हे कोणाचे? या घंटा? या पुढे, या." एकेका बाईला बोलावून तो एकेक वस्तू उतरवत गेला आणि खाली मांडत गेला. देवदूत डावीकडे, लिली उजवीकडे. सेलिना फीत सोडत होती. ज्या बाईची वस्तू, तिच्यासाठी तो टाळ्या मागायचा. पाचेक मिनिटांत प्रत्येक बाई मानाची पाहुणी झाली आणि टॉवर मोकळा झाला. खाली हंस, घंटा, लिली, देवदूत यांची दाटीवाटी, आणि मधून तो सरळ, राखाडी, स्वतःच्या सावल्या सांभाळत वर गेलेला. खालच्या गर्दीमुळे तो आणखी उंच दिसू लागला. ज्यांना मघाशी अपुरा वाटला होता, तेच आता मोबाईल काढून मान वाकडी करत होते.

हंसांच्या पायांचे दोन डाग शिखरावर राहिले होते. सेलिना सुरी घेऊन धावली. "राहू दे," इसिडोर म्हणाला. "टॉवरवरही कबुतरं बसतातच."

ब्रिजेटने सुरी घेतली आणि केकभोवती फिरू लागली. डमी केकला कापायची फट ठरलेली असते, तीच ब्रिजेट शोधत होती. "अंकल, कुठून कापू?"

"कुठूनही काप, बाळा."

तिने मधोमध सुरी खुपसली. ती रुतत गेली, आणि रमचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोहोचला. मग काय! गोराईकरांनी वरून सुरुवात केली, अंधेरीकरांनी बाजूने, आणि जेवणं वाढायच्या आत मजल्यांमागून मजले उतरले. मागच्या ट्रेमधल्या केकची कोणी वाट पाहिली नाही, कारण मागे ट्रेच नव्हते.

मार्सेलिना आंटी तिसरा तुकडा हातात घेऊन इसिडोरसमोर उभी राहिली. "चव एक नंबर. पुढच्या महिन्यात नातवाचा बाप्तिस्मा आहे. हाच करा. असाच. उभा." तिने तुकड्याचा एक घास घेतला. "पण इसिडोरभाऊ, एक तरी हंस. मला झोप लागायची नाही."

इसिडोरने मान तिरकी करून विचार केला, मोठे लोक करतात तसा.

"देतो की," तो म्हणाला. "पण वेगळ्या बशीत."