डी ड्राइव्हमधले सिनेमे

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही नाही, आणि त्याच्यापाशी तर मी घरातलं भांडणसुद्धा बोलतो. तुम्हाला का सांगतोय मग? तुम्ही माझ्या दुकानात कधी पाऊल टाकणार नाही, म्हणून असेल. ज्याला तोंड दाखवायचं नाही त्याच्यापुढं शेण खाल्ल्याचं कबूल करणं सोपं जातं. आणि मी शेणच खाल्लं. यापेक्षा बरा शब्द शोधायची माझी इच्छा नाही.

सोलापुरात सात रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गाव मैंदर्गी, पण आता सणालाच जाणं होतं. दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच रड घेऊन येतं — लॅपटॉप लई स्लो झालाय. त्यावर माझं एकच औषध. आतली जुनी हार्ड डिस्क काढायची, एसएसडी म्हणजे नवी वेगवान डिस्क बसवायची. चालू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा तो लॅपटॉप मग झाकण उघडताच जागा होतो. गिऱ्हाईक म्हणतं, वा. ते ‘वा’ ऐकायची मला चटक होती. आता तुम्हाला वाटेल, त्या चटकेपायी सगळं झालं असं हा सांगणार. बघा — मी तिकडंच निघालो होतो. चटकेचा काय दोष?

या कामात एक गोष्ट विचारायची असते. जुनी डिस्क मोठी असते, नवी बहुतेक वेळा लहान. सगळं मावत नाही. म्हणून काय ठेवू आणि काय टाकू, हे गिऱ्हाइकाला विचारायचं. मी विचारत नव्हतो. डी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा लोक आपल्या फाइली ठेवतात तो भाग, उघडायची, वरवर नजर फिरवायची, आणि मीच ठरवायचं. लग्नाचे फोटो दिसले, ठेव. सिनेमे दिसले, उडव. लोकांच्या घरात शिरून त्यांचं सामान निवडण्यातला हा प्रकार आहे, पण मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट स्वतःला मी हुशार समजत होतो.

अंबादासमामा हे असंच एक गिऱ्हाईक, शहराच्या पूर्व भागातले. तेलुगू घर, पिढ्यान्‌पिढ्या मागाचं काम. स्वतः मामा मात्र चादरींवरची डिझाइनं काढायचे — मोर, कमळं, वेलीचे काठ — आणि कारखानदार ती त्यांच्याकडून घेऊन जायचे. लॅपटॉप माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, ‘‘कामाचं हाय सगळं त्यात. जरा बघून करा.’’ बघून करा. म्हणाले होते ना? मी म्हणालो, काळजी करू नका मामा. आणि बघितलं नाही.

म्हणजे — डी ड्राइव्ह उघडली. ओळीनं फोल्डर, आणि प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या तेलुगू सिनेमाचं नाव. मला हसू आलं. मी झेरॉक्सवाल्याला हाक मारली, ये, गंमत बघ, म्हणालो, म्हातारा रंगेल दिसतोय. आणि वर म्हणालो, या लोकांना सिनेमाशिवाय दुसरं सुचतं काय? ‘या लोकांना’. तो हसला. मीही हसलो. एक फोल्डर उघडायला कितीसा वेळ लागतो? सिनेमाची फाइल केवढी असते आणि या केवढ्याशा होत्या, हे आकडे मी दिवसभर बघतो. तेव्हा ते माझ्या डोळ्यांपुढंच होते. पण ज्याला आधीच ठाऊक असतं तो कशाला बघतोय?

विंडोजची सी ड्राइव्ह नव्या डिस्कवर घेतली, डी सोडून दिली. मामा आले, झाकण उघडलं, लॅपटॉप झटक्यात सुरू झाला, मामा खूश. वा. जुनी डिस्क मी पुढं केली तर म्हणाले, ‘‘ते डबडं मला कशाला? तुमीच ठिवा.’’ नेमकी माझ्या दुकानातल्या सीसीटीव्हीची डिस्क गेली होती. मामांची डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे पुसून, मी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात बसवली. फुकटात काम झालं म्हणून खूश झालो. तो डबा माझ्या काउंटरखाली, गुडघ्याशी असतो. दुकानात दिसेल ते टिपत राहतो, आणि जागा भरली की जुन्यावर नवं लिहितो.

दोन दिवसांनी मामा परत आले. बरोबर मुलगी होती, शैलजा. कॉलेजात शिकणारी. तिनंच मला सगळं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. ज्या आठवड्यात डिझाइन काढलं त्या आठवड्यात टॉकीजला जो सिनेमा लागलेला असेल त्याचंच नाव मामा डिझाइनला द्यायचे. म्हणजे कुठला मोर कुठला ते लक्षात राहायचं. पूर्वी सगळं ग्राफ पेपरवर होतं, हातानं रंगवलेलं. त्याला वाळवी लागायला लागली तेव्हा हिनं बापाच्या मागं लागून, सुट्ट्यांमध्ये बसून एकेक चौकोन कॉम्प्युटरवर उतरवला. मग कागद रद्दीत गेले. आता मामांचं जे काही होतं ते त्या फोल्डरांमध्ये होतं, आणि ते फोल्डर दिसत नव्हते.

मला कळलं. तिचं बोलून व्हायच्या आधी कळलं. आणि हेही कळलं की अजून वेळ गेलेली नाही. फॉरमॅट केलेल्या डिस्कमधून फाइली काढून देणं हाच तर माझा धंदा. वर दोन दिवसांचं रेकॉर्डिंग बसलं होतं, पण बाकीचं खाली शाबूत असणार. खाली वाकायचं, वायर ओढायची, आणि म्हणायचं, मामा, चूक झाली, थांबा. बस्स एवढंच.

दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं होती. त्यात एक प्राध्यापक, ‘डेटा द्यायचा तर याच्याकडेच’ असं गावभर सांगणारे. ते ऐकत होते. मी वाकलो नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला — ‘‘मामा, डिस्कच खराब झालेली होती. कधी पडला होता का लॅपटॉप?’’

पडला होता का. हा प्रश्न मी का विचारला, ठाऊक आहे? प्रत्येक घरातला लॅपटॉप कधी ना कधी पडलेला असतो. हे मला धंद्यानं शिकवलं, आणि मी ते कुठं वापरलं बघा.

मामांनी मुलीकडं पाहिलं. ती म्हणाली, ‘‘माझ्याकडनं पडला होता सर. एकदा. गाडीवरनं बॅग निसटली होती.’’ कुणी धाक न घालता, आपणहून म्हणाली. मामा तिला तेलुगूत काहीतरी बोलले, अगदी हळू. मला तेलुगू येत नाही. त्या पोरीनं मान खाली घातली ती दुकानातून जाईपर्यंत वर केली नाही. मी प्राध्यापकांच्या लॅपटॉपचे स्क्रू काढायला घेतले.

पुढच्या आठवड्यात ती एकटी आली. समोरच्या स्टुलावर बसली. ‘‘सर, त्या जुन्या डिस्कमधनं कायतरी निघंल का? अर्धं निघालं तरी चालंल की.’’ मग म्हणाली, ‘‘पप्पा बोलत न्हाईत माझ्याशी.’’ आणि हात जोडले.

कॅमेरा तिच्या डोक्यावरच होता. डबा माझ्या गुडघ्याला गरम लागत होता. तिचे ते जोडलेले हात तिच्याच बापाच्या मोरांवर लिहिले जात होते, आणि दुकानात हे फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवशीही काहीतरी निघालं असतं. मी म्हणालो, डिस्क भंगारात गेली. मग मी तिच्यासाठी चहा मागवला. या चहाची मला सगळ्यात जास्त किळस येते. खोटं बोललो ते बोललो, वर मोठेपणानं तिची समजूत घातली — असू दे, होतं असं, पुढच्या वेळी जपून वापरायचं. तिनं मान हलवली. चहा संपवून गेली.

मामांना आठवणीतून ती डिझाइनं परत जमली नाहीत. नजरही राहिली नव्हती. आता ते एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालतात. शैलजाला डिझाइनच्या कोर्सला जायचं होतं. मामा म्हणाले, जिला एक मशीन सांभाळता आलं नाही तिनं डिझाइनच्या वाटेला जाऊ नये. ती साडीच्या दुकानात काउंटरवर उभी असते. हे मला झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, चुकचुकत. मीही चुकचुकलो.

गेल्या महिन्यात शैलजा दुकानात आली. मैत्रिणीचा लॅपटॉप स्लो झाला होता, म्हणून तिला माझ्याकडं घेऊन आली होती. मला वाटलं, कळलं हिला. चोराच्या मनात चांदणं. पण ती मैत्रिणीला सांगत होती, ‘‘सर लई प्रामाणिक हायत. चूक माझी होती, तरी मला एक शब्द बोलले न्हाईत. वर चहा पाजला.’’

मी खाली बघून स्क्रू काढत होतो. मैत्रिणीला विचारलं, काय ठेवू, काय टाकू? हल्ली मी विचारतो. सगळं ठेवा, ती म्हणाली. शैलजानं तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, ‘‘जपून वापर गं. माझ्यासारखं पाडू नको.’’

मी मान डोलावली. कॅमेरा चालू होता. डब्यात अजून तीच डिस्क आहे.