मासा मळणारी आजी

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. ब्रिस्टलला आमच्या लायब्ररीत मुलांच्या कोपऱ्यात नवीन शेल्फ मांडलं होतं. मेक्सिको, पेरू, कोलंबियाकडची घरं, सण, स्वयंपाक, सगळी त्याचीच पुस्तकं. माझा स्वभाव आधीच चौकस, नवऱ्याच्या भाषेत भोचक. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून लेकीला आणायला गेले, ती तिथेच फतकल मारून बसले.

लेक तेव्हा आठ वर्षांची, आणि मराठी बंद करून बसलेली. गणपतीत हॉलभर माणसांसमोर ती म्हणाली होती, “माझा आजी क्रिसमसला येणार.” सगळ्यांत आधी हसले ती मीच. वर कौतुक म्हणून चार जणींना सांगितलंही. तेव्हापासून मी काहीही विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये, आणि रविवारी रत्नागिरीहून माझ्या आईचा फोन आला की बाईसाहेब बाथरूममध्ये. आईला इंग्लिश येत नाही. ती तीन महिने येऊन राहणार आणि नात तिच्याशी अवाक्षर बोलणार नाही, या विचाराने माझा जीव खाली-वर व्हायचा.

तर त्या दिवशी लेक एक पुस्तक मोठ्याने वाचत होती. त्यात नाताळची तयारी चाललेली, आणि आजी परातीत मासा मळत होती. मी म्हटलं, अगं, नीट वाच, मासा तळतात, मळतात कुठे? तिने पुन्हा तेच वाचलं. शेवटी चष्मा लावून मीच पाहिलं. मासा म्हणजे त्यांच्याकडे मक्याचं मळलेलं पीठ! लेक पोट धरून हसली. आपल्या चुकीवर कुणी हसलं की कसं वाटतं ते कळलं. फारसं बरं वाटलं नाही.

पण पुढची चित्रं पाहून मी फजिती विसरले. पीठ कणसाच्या सालीवर थापायचं, सारण भरायचं, घडी घालून वाफवायचं. अरेच्चा, या तर पातोळ्या! फक्त हळदीच्या पानाऐवजी साल, आणि गूळ-खोबऱ्याऐवजी मांस. तिथेही मावश्या, आत्या टेबलाभोवती बसून एकमेकींच्या घड्यांना नावं ठेवत होत्या. मी तशी आणखी चार पुस्तकं उचलली.

घरी आल्यावर लेकीने त्याच पुस्तकातलं एक पान माझ्यापुढे धरलं. गोष्टीतली मुलगी अमेरिकेत जन्मलेली. तिचं स्पॅनिश चुकतं, कारण त्या भाषेतही वस्तूंचं तो आणि ती असतंच. आजी उत्तर देताना तोच शब्द बरोबर म्हणते आणि पीठ मळत राहते. बास, इतकंच.

“तिचा आजी हसत नाही,” लेक म्हणाली. मराठीत.

‘तिची’ माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. थोबाडीत बसावी तसं झालं मला. म्हटलं, “हो, तिची आजी नाही हसत. मी हसले. चुकलं माझं.” तिने पान उलटलं.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा ती बाथरूमकडे गेली नाही. मी फोन स्पीकरवर टाकला.

“आजी, तू आला की तुझे पातोळ्या करू?”



“हो गं बाई, मी आले की माझ्या पातोळ्या करू,” आई म्हणाली, आणि तिकडे हळदीची पानं मिळतात का ते विचारू लागली.

आईने ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं.