नऊ फटींची भिंत

मे महिन्यातला मंगळवार. काठ वाचवायला मंजूर रक्कम अठ्ठावीस लाख. हजर : सरपंच भाऊसाहेब, मासे तळून विकणाऱ्या शांताबाई, नऊ शेतकरी आणि सल्लागार इंजिनियर म्हणून मी. जागा शेवगाव तालुक्यातली, धरणाच्या फुगवट्याचा काठ. काठावरच्या वाळूला सरपंच 'बीच' म्हणतात, वरच्या फिरायच्या रस्त्याला 'मरीन ड्राइव्ह'.

हसू नका. धरण भरलं की पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की लाटा उठतात आणि काठ खातात. कडा शांताबाईंच्या टपरीपासून आठ फुटांवर आली होती. धरण भरायच्या आत काही केलं नाही, तर टपरी पाण्यात जाणार होती.

"मुंबईला ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे हायेत, तसले टाका," सरपंच म्हणाले. "पोरं फोटो काढतील."

"ते समुद्रासाठी असतात. आपल्या लाटेला एवढा मान परवडणार नाही."

"मग सरळ भिंत घ्या. नाव तरी लिहिता येईल."

सरळ भिंतीवर लाट आपटते आणि परत जाताना पायथ्याची वाळू नेते. रस्ता वाचतो, बीच जातो. दुसरा उपाय पिचिंगचा, म्हणजे काठाला उतार देऊन त्यावर दगड बसवायचे. लाट उतारावर चढते आणि दमते. पण उताराला जागा लागते, आणि नेमकी तिथंच टपरी होती.

"मग भिंतच बरी," शांताबाई म्हणाल्या. ठरलं. मी काठावर चुन्याच्या फक्कीनं भिंतीची रेघ मारली.

आता शेतकरी पुढे आले. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या गाळात ते काकडी-कलिंगड घेतात. याला गाळपेर म्हणतात.

"माझ्या वावराम्होरं ट्रॅक्टरला फट ठेवा," साहेबराव म्हणाले.

"मलाबी."

"मग मी काय पाप केलंय?"

नऊ जण, नऊ फटी. मी रेघ तशी पुसत गेलो.

शांताबाईंनी ती पाहिली. "साहेब, ही भिंत न्हाई, म्हाताऱ्याचे दात हायेत. पानी काय फट बघून लाजनार हाय?" सगळे हसले. मग त्या सरपंचांकडे वळल्या. "टपरी मी मागं घेते. जागा रस्त्यालगत पायजे, आन् पत्रे हलवायचा खर्च पंचायतीचा."

"देऊ की," सरपंच म्हणाले. नऊ जणांसमोर म्हणाले, हे बरं झालं.

पिचिंग ठरलं, ट्रॅक्टरसाठी एकच रुंद उतरण. ती प्रत्येकाला आपल्यापुढे हवी होती.

"ज्याच्याम्होरं उतरण, त्याच्या पिकातून बाकीचे आठ ट्रॅक्टर जानार," मी म्हणालो. बोलता बोलता माझ्याही तोंडी तीच भाषा आली.

मग साहेबराव म्हणाले, "मला काय घाई न्हाई. रामभाऊला द्या."

"मला कशाला? तुझा ट्रॅक्टर मोठाय!"

शेवटी उतरण होड्या लागतात तिथं घेतली. तिथं कुणाचंच वावर नाही.

सप्टेंबरात धरण भरलं. तीन दिवस वारा होता. दोन दगड निसटले, वाळू राहिली. उतारावर नाव लिहिता येत नाही, हे सरपंचांच्या तेव्हा लक्षात आलं. मी शिकलो ते एवढंच : काठ मोजण्याआधी ट्रॅक्टर मोजावेत.

शेवटचा हिशेब : ठेकेदाराला सत्तावीस लाख चाळीस हजार, मला बेचाळीस हजार, आणि टपरी हलवण्याचे अठरा हजार शांताबाईंना, रोख.