कपाटाला दार नव्हतं

आमचे भाऊजी जगातल्या सगळ्या चुका स्वतःच्या नावावर करून घेतात. दूध मी उतू घालवावं आणि "माझंच चुकलं, वहिनी, मी तुम्हाला बोलण्यात गुंतवलं" असं त्यांनी म्हणावं. बस चुकली तरी चुकलेलं त्यांचंच असतं. नवीन नवरी होते तेव्हा मला वाटायचं, काय गुणी दीर मिळाला! पुढेपुढे राग यायला लागला.

छापखान्यात ते बाइंडर. बावीस वर्षं वह्या शिवतात, पुठ्ठे चढवतात. नखांत कायम खळ सुकलेली, म्हणून तिथे सगळे त्यांना डिंकराव म्हणतात.

एका मंगळवारी ते दुपारीच घरी आले. उजव्या अंगठ्याला हे एवढं बँडेज.

"अहो, काय झालं?"

"कपाटाच्या दारात सापडला."

"कुठल्या कपाटाच्या?"

"आपल्याच. सकाळी निघताना."

मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे. आमच्या कपाटाला दार नाही. दोन वर्षांपूर्वी ते बिजागरीतून निखळलं, तेव्हापासून "या रविवारी बसवतो" म्हणत भाऊजींनी ते पलंगाखाली सारून ठेवलंय.

"भाऊजी, खोटं बोलायचं तर निदान घरात बघून तरी बोला."

तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. कटिंग मशीनवर कागदाची थप्पी सरळ करताना लक्ष दुसरीकडे गेलं आणि वरून उतरणाऱ्या दाबपट्टीखाली अंगठा सापडला. हाड मोडलं. आणि या शहाण्यांनी दवाखान्यातही कपाटच सांगितलं होतं!

"नव्या माणसांना मीच ओरडतो, नजर हातावर ठेवा म्हणून. आता कुठल्या तोंडाने सांगू? चूक माझीच ना!"

डॉक्टरांनी सहा आठवडे काम बंद सांगितलं होतं, नाहीतर अंगठा कायमचा ताठ राहील. पण बिनपगारी सहा आठवडे घराला झेपणार नाहीत, म्हणून भाऊजी आठ दिवसांतच कामावर जाणार होते. ज्या अंगठ्याशिवाय सुई धरता येत नाही, तोच घालवायला निघालेले. मला रडूही आलं आणि त्यांना चार शब्द सुनावावेसेही वाटले. मी सुनावले.

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच छापखान्यात नेलं. कचेरीतल्या बाई वही उघडूनच बसल्या होत्या.

"या. रक्त थांबवायला रुमाल माझा बांधला, आणि मलाच म्हणता लिहू नका?"

ती अपघातांची नोंदवही. कापडी पाठीची, जाडजूड. नऊ वर्षांपूर्वी भाऊजींनीच बांधलेली, रकानेही त्यांनीच आखलेले. नशिबाने आत अजून एकही ओळ नव्हती.

"पहिल्याच पानावर माझा वेंधळेपणा कशाला?" भाऊजी पुटपुटले. "चूक माझी होती, बाई."

"बरं. मग 'चूक कुणाची' तो रकाना दाखवा मला."

भाऊजी डाव्या हाताचं बोट फिरवत गेले. नाव. तारीख. वेळ. जागा. यंत्र. इजा. साक्षीदार. मग पान उलटून मागेही पाहिलं.

"नाहीये."

"तुम्हीच आखलंय. मी नाही."

मग बाईंनी समजावून सांगितलं. नशेत किंवा मुद्दाम केलेलं नसेल, तर काम करताना लागलं एवढं पुरतं. उपचाराचा खर्च मिळतो, घरी बसावं लागेल तितके दिवस पगाराचा काही भाग मिळतो, आणि अंगठ्यात कायमचं अधूपण राहिलंच तर त्याचा वेगळा विचार होतो. मात्र वेळेत कळवायला हवं, आणि दवाखान्याच्या कागदावर कपाट असून चालणार नाही.

"आणि हे उपकार नाहीत, डिंकराव. कामावर लागलंय, तर हक्काचं आहे."

भाऊजींनी आपली ओळ डाव्या हाताने लिहिली, मुंगळा शाईत बुडवून सोडावा तशी. साक्षीदार म्हणून बाईंनी सही ठोकली. तिथून आम्ही थेट दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "मला वाटलंच, एवढं जड दार कुणाच्या घरी असतं!" आणि खरी हकीकत लिहून घेतली.

मंजुरी यायला तीन आठवडे लागले, तोवर माझ्या जिवाला घोर होता. भाऊजी मात्र सांगितल्याप्रमाणे घरी बसले. बँडेज सुटल्यावर स्पंज दाबायचा व्यायाम होता. दाबताना तोंडं अशी वेडीवाकडी करायचे की मला हसू आवरायचं नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि सुईत दोरा ओवून दाखवला. त्या दिवशी मी फार खूश होते.

कामावर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पलंगाखालून दार काढलं. मी धरलं, ते बिजागरी कसायला लागले. दार निसटलं आणि माझ्या पायावर आदळलं. मी कळवळून खाली बसले.

भाऊजींचं तोंड उघडलं. 'माझंच' ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी ते गिळलं आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"कुठं लागलं, वहिनी? आधी तेवढं सांगा."