चुलीवरचं धुराडं

कशेळ्याजवळच्या आमच्या घरात लाकडाला कधी कीड लागत नसे, कारण घरभर धूर असे. हे आम्हाला कळलं ते धूर गेल्यावर.

आईचे डोळे सदा लाल. चूल फुंकून फुंकून ते सुजायचे, पाणी गळायचं. नेरळला एका बंगल्याच्या कामावर असताना वडिलांनी स्वयंपाकघराचं धुराडं पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. लढाईचे दिवस, पत्रा मिळणं मुश्कील. तरी रॉकेलचे जुने डबे जमवून, कापून, त्यांनी आमच्या चुलीवर धुराडं उभं केलं. "बायकोसाठी गिरनी काढलीस काय रं?" म्हणून गावाने यथेच्छ चेष्टा केली. वडील हसत राहिले. महिन्याभरात आई सुईत दोरा ओवू लागली. आपली आई देखणी आहे, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात भाकरीच्या परातीत पिवळा भुसा पडला. वर पाहिलं तर वाशांना बारीक भोकंच भोकं. सुताराने एका वाशात पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"धूर लागत हुता तवर भुंगेरं फिरकत नव्हतं," तो म्हणाला.

तो वासा बदलला. बाकीच्यांना लावायला रॉकेल कुठलं? रेशनचं दिव्यालाच पुरेना. करंजाचं तेल चोपडलं, तरी भुसा पडतच राहिला.

एके दिवशी आईने गोणपाटाचा बोळा करून धुराडं बंद केलं. वडील घरात शिरले ते खोकतच.

"काढ ते. डोळं जातील गं तुझं."

"जाऊ द्या. भाकर मला डोळं मिटून बी थापता येते. छप्पर बसलं तर पोरांना निजवू कुठं?"

वडील बोळ्याकडे पाहत उभे राहिले. त्यांनी तो ओढून काढावा असं मला फार वाटत होतं. त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळची चूल मात्र ते स्वतः फुंकू लागले, आणि गाव पुन्हा हसलं. पण दिवसभराचा धूर आईचाच होता.

भुंगेरे हटले. वासे अजून शाबूत आहेत. येणारेजाणारे त्यांची तारीफ करतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

पुढे माझी तान्ही लेक घेऊन मी माहेरी गेले. आईने तिच्या तोंडावरून सावकाश बोटं फिरवली.

"नाक माज्यावर गेलंय गं हिचं," ती म्हणाली.