भाऊजींची न धरलेली वर्षं

आमच्या भाऊजींसारखा खात्री करून घेणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर. रनाळ्यात आमच्या शेजारीच राहतात आणि रोज एसटीने नंदुरबारच्या कोर्टात वकिलीला जातात. नोटरी व्हायचं हे त्यांचं एकच स्वप्न. पण सरकारने नेमण्याच्या कितीतरी आधी नोटरीपण त्यांच्या अंगात भिनलं होतं. माणूस समोर दिसल्याशिवाय, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते काही खरं धरत नाहीत. एकदा एका पोराने आजीचा अंगठा घरीच घेऊन कागद आणला, अंगठा तिचाच आहे एवढी नुसती वकिलाची ओळख द्या म्हणाला. भाऊजी थेट आजीच्या गावी, खापरला गेले. म्हातारी म्हणाली, "मले देखाले एवढा दूर वना? मंग जेवीसनच जाय." जेवले, आणि मगच ओळख दिली.

पुतणीच्या साखरपुड्यात तर कमालच केली. कुंकू लावायच्या वेळी उभे राहिले आणि भर मांडवात विचारलं, "बेटा, तुन्ही खुशी शे ना? कोनी जबरदस्ती तं नही करी ऱ्हायनं?" नवरदेवाकडची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. पोरगी खालमानेने म्हणाली, "नही काका. पन तुम्ही आते बठा, मन्हा पाय दुखी ऱ्हायनात." माझ्या सासूबाई तेव्हापासून म्हणतात, "हाऊ एक दिन भाकरले बी इचारी, तुन्ही खुशी शे का तव्वावर जावानी?"

नोटरी व्हायला काय काय लागतं ते मला त्यांनीच ओट्यावर बसून सांगितलं. नुसती सनद असून भागत नाही. दहा वर्षं वकिली केलेली लागते, बायकांना सात पुरतात. मग सरकारकडे अर्ज, मग मुलाखत, आणि निवड झाली तरच शिक्का हातात. "वहिनी, तुम्ही चौथीना पुढे शिकतात ना, तं मन्हा पहिले नोटरी व्हतात," असं म्हणाले. मी पदर तोंडाला लावून हसले, पण ते थट्टा करत नव्हते.

मुलाखतीला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. साहेबांनी सनदेवरून वर्षं मोजली. दहाच्या वर भरली. साहेब पुढे काही विचारायच्या आत भाऊजीच बोलले, "साहेब, मधली चार वर्षं मी कोर्टात नव्हतो. वडिलांना लकवा झाला होता." साहेब म्हणाले, "कागदावर तसं कुठे दिसत नाही." भाऊजी म्हणाले, "कागदावर नाही, पण तसंच आहे." निवडलेल्यांत त्यांचं नाव आलं नाही.

त्या दिवशी जाऊबाईंचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. "कोनी इचारं व्हतं तुम्हले? जरासं गप ऱ्हातात तं काय व्हतं?"

भाऊजी हळूच म्हणाले, "उद्या मी लोकेसले इचारसू, खरं सांगी ऱ्हायना का म्हनीसन. मंग आज मीच कसा गप ऱ्हाऊ?"

मग जाऊबाईंनी ताट वाढल्याचा आवाज आला.

आता ते उरलेली वर्षं भरून काढताहेत. केस पांढरे झाले. त्यांच्या मागून आलेले वकील नोटरी झाले, आणि हे त्यांच्याच टेबलांपुढे अशिलाला घेऊन उभे राहतात. ती चार वर्षं मी पाहिली आहेत. भाऊजी वडिलांना दुधात भाकरी कुस्करून भरवायचे, तोंड पुसायचे, कपडे बदलायचे, आणि त्यांचं अर्धंमुर्धं बोलणं समजेपर्यंत कान लावून बसायचे. कायद्यात ती वर्षं धरत नाहीत, ते बरोबरच असेल. पण त्या वर्षांची साक्ष द्यायला कोणी बोलावलं असतं तर मी गेले असते. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला असता की नाही, ते ठाऊक नाही.

इथे लिहिते आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि माझ्या खुशीने लिहिते आहे.